सरकीच्या पोटातला कज्जा

तंत्रज्ञानाच्या कंपन्या, त्यांची पेटंटे आणि कोर्टकज्जे असा विषय निघाला, की शहरातल्या सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे मोबाइल किंवा संगणक येतो. आमच्या परभणीत मात्र हा विषय मृगाच्या तोंडावर मोंढ्यात निघतो, आणि तो असतो कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाबद्दल. मी मराठीचा प्राध्यापक. कायदा आणि शेतीशास्त्र हे दोन्ही माझे प्रांत नव्हेत. पण ज्याच्या वर्गातली कितीतरी मुले कापसाच्या पैशावर फी भरतात, त्याला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही.

कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या अळीचे विष झाडानेच तयार करावे, अशी करामत अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीने साधली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक तिने कपाशीत उतरवला. हेच ते बीटी. आमच्या शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको ही बियाणे कंपनी काढली होती. तिच्या भागीदारीत हे तंत्र भारतात आले आणि मार्च 2002 मध्ये सरकारने त्याला परवानगी दिली. सुरुवातीच्या वर्षांत अळी खरोखरच हटली, फवारण्या कमी झाल्या, आणि शेतकरी खुशीने बीटीकडे वळला. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

पण 450 ग्रॅमच्या पाकिटाला 1,600 रुपये आणि त्याहूनही अधिक पडत, आणि त्यातला मोठा वाटा बियाण्याचा नसून तंत्राच्या शुल्काचा असे. 2006 साली आंध्र प्रदेश सरकारने केंद्राच्या मक्तेदारी-प्रतिबंधक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने शुल्क कमी करण्यास बजावले आणि पाकीट 750 रुपयांवर आले. महाराष्ट्रानेही 2009 साली कापूस बियाण्याच्या किमतीसाठी वेगळा कायदा केला.

पुढे खरे भांडण जुंपले ते कंपन्या-कंपन्यांत. मोन्सॅन्टोच्या दुसऱ्या पिढीच्या तंत्राला, म्हणजे बोलगार्ड-2 ला, 2008 साली भारतात पेटंट मिळाले होते. पेटंट म्हणजे शोधकर्त्याला ठराविक मुदतीपुरता दिलेला मक्ता. 2015 साली शुल्काच्या वादावरून हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सशी असलेला तिचा करार तुटला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल 2018 मध्ये खंडपीठाने पेटंटच रद्द ठरवले, कारण आपला कायदा झाडाला वा बियाण्याला पेटंट देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि पुराव्यानिशी रीतसर सुनावणी करण्यास सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस पेटंटची मुदत संपली, आणि 2021 साली दोन्ही पक्षांनी आपसांत मिटवून घेतले. दरम्यान, 2018 सालीच खुद्द मोन्सॅन्टोला जर्मनीच्या बायर कंपनीने विकत घेतले होते. असा हा जगड्व्याळ कज्जा, पण मूळ प्रश्न होता तिथेच राहिला!

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, असे आपण म्हणतो. या भांडणात तिसऱ्याला काय लाभले? केंद्र सरकारने 2016 पासून देशभर एकच कमाल दर ठरवला: पाकिटाला 800 रुपये, त्यात शुल्क अवघे 49. 2020 साली शुल्क शून्यावर आले. तरीही 2025 च्या हंगामात पाकीट 901 रुपयांना होते. शिवाय शुल्काचा वाद विकोपाला गेल्यावर, 2016 साली कंपनीने आपल्या पुढच्या तंत्राचा परवानगीचा अर्ज मागे घेतला, आणि 2017 च्या हंगामात बोलगार्ड-2 ला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरून काढला. एका विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले, "सर, पाकिटाचा भाव तुम्ही पेपरात वाचता. पण बोंड फोडून बघावं तर आत अळी! मग औषधाच्या दुकानात किती गेले, ते कोण छापतंय?"

आता खरी मेख पाहा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका शेतकऱ्याने पेटंट असलेल्या सोयाबीनचे दाणे परवानगीवाचून पेरले. 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोन्सॅन्टोच्या बाजूने कौल दिला आणि त्याच्यावर 84 हजार डॉलरांहून अधिक भरपाई बसली. आपल्याकडे असे होऊ नये म्हणून 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. फक्त कंपनीच्या नावाने ते विकायचे नाही. पण आपल्याकडे बीटी कपाशी आली ती संकरित वाणांत. संकरिताचे बी पुढच्या वर्षी पेरले, तर पीक एकसारखे येत नाही. म्हणजे कायद्याने मोकळे केलेले हात संकराने बांधले! दर खरिपाला दुकानाची पायरी चढणे आलेच. ज्याच्या कणगीत बी नाही, त्याला कोणत्याही कोर्टाचा निकाल पुरा पडत नाही.

म्हणूनच मला आमच्या गावच्या कृषी विद्यापीठाचे मोल वाटते. 1972 साली स्थापन झालेल्या, आज वसंतराव नाईकांचे नाव लावणाऱ्या या विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने एनएच-एच 44 हा संकरित वाण दिला होता, आणि बीटीच्या आधी तो मराठवाड्यात घरोघरी होता. अलीकडे त्याच विद्यापीठाने एनएच 1901, 1902 आणि 1904 हे बीटीचे सरळ वाण काढले आहेत. सरळ वाणाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येते. गुलाबी अळीवर हा रामबाण उपाय नव्हे. पण दर वर्षीचा बियाण्याचा खर्च तरी वाचेल.

शहरातल्या वाचकांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. फोन असो, औषध असो की बियाणे, बड्यांच्या दाव्यात गिऱ्हाईक हा पक्षकार नसतो. त्याच्या नावाने तिथे पुकारा होत नाही. सरकारी दर त्याला थोडी सावली देतो. पण त्याचे खरे बळ आहे ते एक दुकान नाकारून दुसरीकडे जाण्याची सोय असण्यात, आणि ती सोय सार्वजनिक संस्थाच उभी करू शकतात. अशा संस्थांच्या प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागा भरा, त्यांना पैसा द्या, असे सरकारला बजावण्याचे काम शेतकऱ्याइतकेच, त्याने पिकवलेले सुती कापड अंगावर घालणाऱ्या तुमचे-आमचेही आहे.