पुण्यातला फ्लॅट विकला, पैसे अमेरिकेत कसे न्यायचे?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनिवासी भारतीयाने पुण्यातला फ्लॅट ८० लाखांना विकला, तर पूर्ण रक्कम लगेच हाती पडत नाही. विक्रेता निवासी असेल तर खरेदीदार १ टक्काच टीडीएस कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत, घर दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडे असेल तर दर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर.

कर खरं तर नफ्यावर लागतो. पण नफा किती हे खरेदीदार ठरवू शकत नाही, म्हणून तो बहुधा पूर्ण किमतीवर कापतो. नफा २० लाखांचा असेल तर मूळ कर अडीच लाख. कापले जातात १० लाखांहून अधिक. जास्तीचे परत मिळतात, पण विवरणपत्र भरून आणि वाट पाहून. त्यापेक्षा व्यवहाराआधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढावा.

बाकीची रक्कम एनआरओ खात्यात जमा होते. तिथून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं. घर घेताना पैसे परदेशातून आले असतील, तर तेवढी मूळ रक्कम या मर्यादेत मोजत नाहीत. ही सोय दोन घरांपुरतीच आहे, आणि बँक तेव्हाच्या भरण्याचा पुरावा मागते, मग खरेदीला २० वर्षं झालेली का असेनात.