आईच्या दुधातून आलेला व्हायरस बाळाच्या शरीरात शिरतो कसा?

आईचं दूध म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण. पण काही व्हायरस याच दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. ते कसं घडतं, हे कळलं उंदरांमुळे.

१९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक प्रयोग मांडला. ज्या उंदरांमध्ये स्तनांचा कॅन्सर वारंवार व्हायचा, त्यांची पिल्लं त्यांनी दुसऱ्या जातीच्या मादीच्या दुधावर वाढवली. या पिल्लांमध्ये कॅन्सरचं प्रमाण घटलं. म्हणजे कारण दुधातच होतं. पुढे तो एमएमटीव्ही हा व्हायरस निघाला.

आत शिरतो कसा?

आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची ठाणी असतात, त्यांना 'पायर्स पॅचेस' म्हणतात. तिथल्या 'एम पेशी' आतड्यातले कण उचलून आतल्या पेशींकडे तपासायला देतात. व्हायरस याच दारातून आत येतो आणि 'बी पेशीं'मध्ये घुसतो. मग तो 'टी पेशीं'ना चिथावतो. त्यामुळे संसर्ग झालेल्या बी पेशी आणखी वाढतात. शेवटी या रोगप्रतिकारक पेशीच व्हायरसला स्तनांपर्यंत नेतात. मादी पिल्लू मोठं होऊन आई झालं, की दुधातून पुन्हा तेच चक्र.

माणसांचं काय?

एचआयव्हीही आईच्या दुधातून पसरू शकतो. पण आई एआरटीची औषधं नियमित घेत असेल, तर धोका खूप कमी होतो. स्तनपान करणाऱ्या अशा मातांनी पहिले ६ महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे घाबरून परस्पर दूध तोडू नका, आधी डॉक्टरांशी बोला.