आलप्पुळा : पाण्याशी करार केलेले नगर

केरळच्या किनारपट्टीवरील आलप्पुळा, म्हणजेच पूर्वीचे अलेप्पी, हे नगर पर्यटकांना प्रामुख्याने नौकाविहारासाठी ठाऊक आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस वेंबनाड सरोवर आणि मध्ये कालव्यांचे जाळे अशी त्याची रचना आहे. मात्र येथील सौंदर्य जितके निसर्गाचे, तितकेच मानवी श्रमांचेही आहे. हे ध्यानी ठेवून या नगरास भेट दिल्यास प्रवास अधिक अर्थपूर्ण ठरतो.

कालव्यांचे बंदर

अठराव्या शतकात त्रावणकोर संस्थानचे दिवाण राजा केशवदास यांनी येथे बंदर उभारले. अंतर्भागातील मिरी, सुंठ, खोबरे आदी माल होड्यांतून थेट बंदरापर्यंत यावा, यासाठी वाडई आणि व्यापारी हे दोन समांतर कालवे खोदण्यात आले. १८५९ मध्ये काथ्याचा कारखाना निघाला. १८६२ मध्ये दीपगृह उभे राहिले. पुढे विसाव्या शतकात कोचीचे बंदर विकसित होताच आलप्पुळ्याचा सागरी व्यापार ओसरला. काथ्याचा उद्योग मात्र आजही येथील ओळख टिकवून आहे.

आज पर्यटकांना फिरविणाऱ्या घरनौका मूळच्या भात वाहणाऱ्या होड्या होत. त्यांना केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली होडी, असे म्हणतात. कारण त्यांच्या फळ्या खिळे न वापरता काथ्याच्या दोरीने शिवल्या जात.

समुद्रसपाटीखालील शेती

नगराच्या पूर्वेस कुट्टनाड हा भाताचा प्रदेश पसरलेला आहे. येथील शेतकरी व मजूर यांनी सरोवराच्या तळातील चिखल उपसून बांध घातले आणि आतील पाणी बाहेर काढून जमीन लागवडीखाली आणली. ही शेते समुद्रसपाटीहून खाली असल्याने नौकेतून जाणाऱ्या प्रवाशास पाणी वर आणि पीक खाली, असे अपूर्व दृश्य दिसते. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीस जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. कोकणातील खारभूमी व तिचे बांध परिचयाचे असणाऱ्या आपल्या वाचकांना या श्रमांचे मोल सहज उमगेल.

बंधाऱ्याचे दोन परिणाम

पुराचे पाणी समुद्रात सोडण्यासाठी तोट्टप्पळ्ळी येथे १९५५ मध्ये सांडवा बांधण्यात आला. त्यानंतर, उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम येथे दरवाजांचा बंधारा उभारण्यात आला. त्यामुळे भातपिकास संरक्षण मिळाले; परंतु दरवाजे बंद असताना भरती-ओहोटीचा प्रवाह खंडित होतो. पाणी साचते, जलपर्णी माजते आणि खाऱ्या-गोड्या पाण्यात ये-जा करणाऱ्या मासळीची वाट अडते. दरवाजे केव्हा उघडावेत, हा प्रश्न शेतकरी व मच्छीमार या दोघांच्याही उपजीविकेचा आहे. त्यात घरनौकांचे सांडपाणी व प्लॅस्टिकचा कचरा यांची भर पडते. २००२ मध्ये या पाणथळ क्षेत्राचा रामसर यादीत समावेश झाला. २०१८ च्या महापुरात कुट्टनाड पाण्याखाली गेले, तेव्हा पाण्याला वाट मोकळी ठेवण्याचे महत्त्व सर्वांनाच जाणवले.

प्रवाशांसाठी

कोकण रेल्वेमार्गे धावणाऱ्या नेत्रावती एक्सप्रेसने मुंबईहून थेट आलप्पुळ्यास जाता येते. पावसाळा संपल्यानंतरचे महिने प्रवासास सुखकर असतात. सर्पाकृती नौकांची शर्यत पाहावयाची असल्यास मात्र पावसाळ्यातच जावे. १९५२ मध्ये पंडित नेहरू यांनी दिलेल्या भेटीतून सुरू झालेली ही स्पर्धा पुन्नमडा सरोवरात होते.

घरनौका परवडत नसेल, तर राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी बोटीने अल्प भाड्यात प्रवास करावा. शाळकरी मुले, बाजारहाट करणाऱ्या स्त्रिया आणि शेतमजूर यांच्यासमवेत बसून कुट्टनाडचे खरे जीवन पाहता येते. आपला कचरा पाण्यात न टाकता परत आणणे एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावी. ज्या पाण्याच्या दर्शनासाठी आपण जातो, त्याच पाण्यावर तेथील माणसांचा संसार चालतो.