बंद दार, जागी मंडळी

इंग्लंडात आपल्या गणपतीचा पत्ता बहुधा एखाद्या चर्चच्या हॉलचा असतो. मखर तिथेच उभं राहतं, दिवाळीचा फराळ तिथल्याच लांबट टेबलांवर मांडला जातो आणि शनिवारची मराठी शाळा भरते तीही तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. किल्ली घेणं, हॉल झाडून किल्ली परत देणं, यापलीकडे त्या चर्चशी आपला संबंध येतोच असं नाही. माझाही फारसा नव्हता. तो आला २०२० साली, आणि तेव्हा चर्चला कुलूप होतं.

मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चसाठी ‘मंडळी’ असा एक सुंदर शब्द आहे. मराठी बायबलातही तोच आहे. आपलं ‘मंडळ’ आणि त्यांची ‘मंडळी’ सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. इमारत कशीही असो, जमलेली माणसं म्हणजे चर्च, एवढा अर्थ त्या एका शब्दात येतो. पण माणसांनी जमायलाच बंदी झाली, तर मंडळी कुठे असते? त्या वर्षी हा प्रश्न आमच्या गल्लीच्या टोकावरच्या छोट्याशा चर्चपुढे होता, आणि त्याचं उत्तर शोधताना मी त्यांना जवळून पाहिलं.

१७ मार्च २०२० ला चर्च ऑफ इंग्लंडनं सार्वजनिक उपासना थांबवल्या. २२ मार्चचा रविवार म्हणजे इथला मदरिंग संडे, आईचा दिवस. त्या संध्याकाळी सात वाजता प्रत्येकानं आपल्या खिडकीत एक मेणबत्ती लावावी, असं आवाहन झालं. दुसऱ्या रात्री पंतप्रधानांनी लॉकडाउन जाहीर केला आणि २४ मार्चपासून एकट्यानं बसून प्रार्थना करण्यापुरतंही दार उघडं राहिलं नाही. पाळकांनीसुद्धा आत जाऊ नये, घरूनच उपासना घ्यावी, असं सांगण्यात आलं. १२ एप्रिलच्या ईस्टरला कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी आपल्या लंडनच्या घरातल्या स्वयंपाकघरातून उपासना घेतली. ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा सण, आणि आर्चबिशपांच्या मागे देवघराऐवजी फडताळं आणि भांडी!

हे सगळ्यांना पटलं होतं असं नाही. सुपरमार्केट उघडं आणि देवाचं दार बंद, हे कसं, असा राग खुद्द चर्चमधूनच निघाला. काही पाळकांनीही जाहीरपणे नापसंती दाखवली. आमच्या गल्लीतले एक निवृत्त सद्गृहस्थ, दर रविवारी कोट घालून जाणारे, फाटकाजवळ उभे राहून मला म्हणाले होते, “लढाईच्या काळातही हे दार बंद नव्हतं.” त्यांचं दुःख खरं होतं. पण दार बंद करण्यातही श्रद्धा असू शकते, हे सांगणारं एक गाव आमच्यापासून फार लांब नाही.

आम्ही शेफील्डला राहतो. इथून नैऋत्येला, सुमारे २० किलोमीटरवर, डर्बीशायरच्या डोंगरांत ईम नावाचं गाव आहे. २०२० च्या उन्हाळ्यात बंधनं जरा सैल झाल्यावर आम्ही मुलांना घेऊन तिथे गेलो. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं होतं. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेगही आला, असं सांगतात. ७ सप्टेंबर १६६५ ला शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स मेला. हिवाळ्यात साथ मंदावली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भडकली. लोक पळून जायची तयारी करू लागले. पळाले असते, तर आसपासच्या गावांत आणि शहरांत प्लेग घेऊनच गेले असते.

गावाचा पाळक विल्यम मॉम्पेसन तिशीच्या आतला, नवखा. गावाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्याच्या आधीचा पाळक थॉमस स्टॅन्ली प्युरिटन विचारांचा. सरकारमान्य प्रार्थनापुस्तक न स्वीकारल्यामुळे त्याचं पद गेलेलं, पण गाव त्याला मानणारं. एकमेकांच्या विरुद्ध बाजूचे हे दोघे १६६६ च्या जूनमध्ये एकत्र आले आणि दोघांनी मिळून गावाला तीन गोष्टी पटवल्या. मेलेल्यांना चर्चच्या आवारात न आणता घरच्यांनीच जवळपास पुरायचं. चर्चला कुलूप लावायचं आणि उपासना कक्लेट डेल्फ या मोकळ्या दरीत, कुटुंबा-कुटुंबात अंतर ठेवून घ्यायची. आणि गावाची हद्द कुणीही ओलांडायची नाही.

हद्दीवरचा एक दगड आजही तिथे आहे. त्याला वाटीसारखी भोकं आहेत. गावकरी त्यांत व्हिनेगर ओतून पैसे ठेवत. शेजारच्या गावचे लोक सामान ठेवून पैसे घेऊन जात. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरनंही गावाला अन्न पुरवलं. माझ्या मुलानं त्या भोकात बोट घालून विचारलं, “म्हणजे हे त्यांचं सॅनिटायझर?” मी हसले, पण उत्तर बरोबरच होतं.

त्या गावात सुमारे २६० माणसं गेली. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईनं ऑगस्टमधल्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. गावाबाहेर शेतात, दगडी कुंपणात त्या कबरी आहेत. २५ ऑगस्टला मॉम्पेसनची बायको कॅथरिन गेली. तिची कबर मात्र चर्चच्या आवारात आहे. स्वतःच्या दोन मुलांना मॉम्पेसननं आधीच यॉर्कशायरला पाठवलं होतं. ज्यांना परवडत होतं असे काही लोकही आधीच निघून गेले होते. राहिले ते राजीखुशीनं राहिले की जायला जागाच नव्हती म्हणून, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. मला वाटतं, दोन्ही असणार. तिथे उभं राहिल्यावर मात्र त्या हौतात्म्यापेक्षा तो भोकांचा दगडच माझ्या मनात राहिला. तो दगड ‘इथून पुढे येऊ नका’ असं सांगतो, आणि त्याच दगडावर भाकरी ठेवली जाते. नुसती हद्द आखून ईम जगलं नसतं. हद्दीपर्यंत कुणीतरी रोज चालत येत होतं.

आमच्या चर्चनं २०२० साली तेच केलं, असं मला आता मागे वळून पाहताना दिसतं. रविवारची उपासना झूमवर सुरू झाली, हे खरं. पण तिथल्या व्हिकरबाईंनी पहिल्या आठवड्यात जे काम केलं ते झूमपेक्षा जुनं होतं. त्यांनी वहीत एक यादी केली. साठ-सत्तर नावं. कोण एकटं राहतं, कुणाकडे इंटरनेट नाही, कुणाला औषधं आणून द्यावी लागतात, कुणाला ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं. मग सहा-सात जणांत ती यादी वाटली. मराठी शाळेमुळे त्या मला ओळखत होत्या. फोन करून म्हणाल्या, “तुमच्यापासून तिसऱ्या घरात आमच्या एक आजी आहेत. तुम्ही चर्चच्या नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही जवळ आहात.”

त्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आठवड्यातून दोनदा मी दूध-पाव-बटाटे पायरीवर ठेवायची, बेल वाजवून फाटकापर्यंत मागे यायची. त्या दार उघडायच्या आणि आम्ही दहा-बारा फुटांवरून बोलायचो. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. एप्रिलच्या शेवटी चर्च ऑफ इंग्लंडनं ‘डेली होप’ नावाची फोनसेवा सुरू केली. मोफत नंबर, फिरवला की भक्तिगीतं आणि प्रार्थना ऐकू येत. आजी फोन स्पीकरवर टाकून इस्त्री करायच्या. “शर्टांची इस्त्री आता फार पवित्र झालीय,” म्हणायच्या.

ते शर्ट त्यांच्या यजमानांचे होते. ते केअर होममध्ये होते आणि मेच्या सुरुवातीला तिथेच गेले. आजींना शेवटचं भेटता आलं नाही. चर्चमध्ये अंत्यविधी करायला तेव्हा परवानगी नव्हती; स्मशानगृहात मोजकीच माणसं. ज्या चर्चमध्ये साठ वर्षांपूर्वी त्यांचं लग्न लागलं, त्याच्या फाटकाशी शववाहिका मिनिटभर थांबली. गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. कोटवाले गृहस्थही होते. कुणी कुणाच्या जवळ गेलं नाही, कुणी कुणाला मिठी मारली नाही. त्यानंतर महिनाभर मंडळीतलं एकेक माणूस ठरलेल्या वाराला आजींना फोन करत होतं. सोमवार माझ्याकडे आला.

आपल्याकडेही त्याच सुमाराला वेगळं काय चाललं होतं? १ जुलैला आषाढी होती. वारकऱ्यांची वारी थांबली; ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या लोकांबरोबर एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. वारी चुकू न देणाऱ्या घरांनी त्या वर्षी ती चुकू दिली, आणि त्यांची भक्ती काही उणी झाली नाही. ४ जुलैपासून इंग्लंडात चर्चमध्ये पुन्हा जमायला परवानगी मिळाली, पण मास्क आले, खुर्च्या लांब गेल्या, प्रभुभोजनात द्राक्षारसाचा एकच प्याला फिरवणं बंद राहिलं, आणि मंडळीला गायला मनाई झाली. न गाता उपासना म्हणजे टाळ-मृदंगाशिवाय भजन. आजी म्हणाल्या, “ओठ मिटून गाते मी. देवाला ऐकू येत असेल.” मोकळेपणानं गायला त्यांना १९ जुलै २०२१ पर्यंत थांबावं लागलं.

सप्टेंबरात कोल्हापूरला माझी आत्या गेली. आपल्यापैकी किती जणांनी त्या काळात घरचे अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, हे मी इथे सांगायला नको. चित्र अडकत होतं, आवाज मागून येत होता. सोमवार होता, पण त्या दिवशी मी आजींना फोन करायच्या आत त्यांचाच फोन आला. माझ्या नवऱ्याकडून त्यांना कळलं होतं. त्यांनी सांत्वनाचं एक वाक्यही उच्चारलं नाही. विचारलं, “तुझ्या आत्याच्या हातचं काय चांगलं व्हायचं?” मी पांढरा रस्सा म्हणजे काय हे त्यांना अर्धा तास समजावून सांगत होते. दिवसभरात मी पहिल्यांदा आत्याबद्दल बोलले ते तेव्हा.

नोव्हेंबरात पुन्हा लॉकडाउन आला, आणि १४ तारखेची दिवाळी त्यातच सापडली. हॉल बंद, मंडळाचा कार्यक्रम झूमवर. मी आजींच्या पायरीवर चकल्या आणि बेसनाचे लाडू ठेवून आले. संध्याकाळी त्यांच्या खिडकीत मेणबत्ती दिसली. मार्चमध्ये लावलेलीच, अर्धी जळालेली.

आता दारं केव्हाच उघडली आहेत. सगळंच पूर्ववत झालं असं मात्र नाही. काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्यांतली काही माणसं गेली, काहींची सवय गेली. दुसरीकडे, पडद्यावरची उपासना चर्चनं बंद केली नाही. व्हीलचेअरवरच्या एक बाई कित्येक वर्षं चर्चला येऊ शकल्या नव्हत्या. त्या व्हिकरबाईंना म्हणाल्या होत्या, “तुम्हाला वाटलं चर्च बंद झालं. माझ्यासाठी ते त्या वर्षी उघडलं.” आणि ती यादीची वही अजून चालू आहे. साथ संपली, एकटी माणसं संपली नाहीत.

आमच्या मंडळानं ती युक्ती उचलली आहे. गणपती, दिवाळी, संक्रांत, एवढ्यावर मंडळ चालतं. पण मधल्या महिन्यांत कुणाकडे आईवडील भारतातून येऊन दिवसभर घरात एकटे बसतात, कुण्या बाळंतिणीला जवळ कुणी नाही, कुणाची नोकरी गेली आहे, हे आपल्याला कळतंच असं नाही. म्हणून आम्ही चौघीपाचजणींनी एक वही केली आहे आणि वार वाटून घेतले आहेत. शेजारच्या आजींना मी ती दाखवली. त्यांनी चष्मा लावून मराठी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि सोमवार कुठला ते विचारून घेतलं.

वहीत सध्या एकोणीस नावं आहेत. विसावं कुणाचं असायला हवं, हे तुम्हाला माहीत असेल तर कळवा.