पावलं मोजणारा फोन

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाली. तिसऱ्या दिवशी भाई घरी आले ते गोळ्यांची पिशवी आणि फाइल घेऊन. फाइलवर शेवटची ओळ होती, ‘रोज चालावे.’ किती, कोणत्या वेगानं, दम लागला तर काय, याचा पत्ता नाही. भाई पंधरा दिवस चालले. एकदा छातीत धडधडलं, घाबरले, आणि आरामखुर्ची धरली ती धरलीच.

‘घरी आल्यावर पुढं काय’ याला वैद्यकशास्त्रात उत्तर आहे. त्याला हृदय-पुनर्वसन म्हणतात. काही आठवडे देखरेखीखाली व्यायाम, आहार आणि गोळ्यांचं मार्गदर्शन, तंबाखू सोडायला मदत, मनातली भीती घालवणं. त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. पण बरेच रुग्ण तिथं जातच नाहीत. केंद्र लांब असतं, नोकरी सुरू झालेली असते, सोबतीला कुणी नसतं.

ऑस्ट्रेलियातही हीच अडचण. म्हणून तिथल्या क्वीन्सलँडमध्ये सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले १२० रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून निम्म्यांना नेहमीच्या केंद्रात पाठवलं, निम्म्यांना स्मार्टफोन दिला. फोन पावलं मोजायचा, रुग्ण आपल्या प्रकृतीच्या नोंदी त्यात करायचा, धीर देणारे संदेश त्यावरच यायचे. सहा आठवड्यांचा कार्यक्रम केंद्रवाल्यांपैकी ४७ टक्क्यांनी पुरा केला, फोनवाल्यांपैकी ८० टक्क्यांनी.

आकडा मोठा आहे. पण त्या प्रयोगात एक मार्गदर्शक दर आठवड्याला रुग्णाशी फोनवर बोलत असे, त्याच्या नोंदी समोर ठेवून. माझ्या मते निम्मं औषध तिथं होतं.

हे मला घरातच कळलं. पुतण्यानं भाईंच्या फोनवर एक फुकटातलं ॲप टाकून दिलं. त्यानं रोज दहा हजार पावलं सांगितली, आणि २२० मधून वय वजा करून नाडीचा एक आकडाही ठरवला. भाई बीटा-ब्लॉकर घेतात. त्या गोळीनं नाडी मुळातच संथ राहते. तो आकडा गाठायला निघाले असते तर हृदयावर नको तितका ताण पडला असता. ॲपला गोळी ठाऊकच नव्हती!

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी साधी खूण सांगितली. चालताना बोलता आलं पाहिजे. गाता येत नसेल तर वेग बरोबर आहे. (भाईंना एरवीही गाता येत नाही, ते सोडा.) आता ॲप पावलं मोजतं, भाई दर रविवारी बाईंना नोंदी पाठवतात आणि त्यांच्या दोन ओळींच्या उत्तराची वाट बघतात. रमजानमध्ये ॲप दुपारी दीडला गोळीची घंटा वाजवतच राहिलं. बाईंनी मात्र महिनाभर आधीच बजावलं होतं, रोजे धरायचे की नाही आणि गोळ्यांच्या वेळा काय, हे डॉक्टरांना विचारून या.

आणखी एक गोष्ट त्यांनी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायला लावली. छातीत दुखलं, घाम फुटला, तर ॲप उघडत बसायचं नाही. १०८ लावायचा.