नदीतला उलटा पतंग

सुट्टी लागली की कोणी घरी जातं, कोणी गोव्याला जातं. आम्ही तिघं दिवाळीनंतरचे चार रविवार कराड ते सांगलीच्या पट्ट्यात कृष्णेकाठी बसलो आणि अर्धा किलो शिसं नदीला अर्पण करून आलो. मासे किती मिळाले ते विचारू नका.

सोमवारी मेसमध्ये हा विषय निघाला. आमचे मेसमधले मामा मूळचे नदीकाठच्या भोई घरातले. भाकरी वाढता वाढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, शिसं न्हाई आडाकलं, तुमची अक्कल आडाकली. व्हात्या पाण्यात कोण बसवतंय गळ?"

मामांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. आपल्याकडची गळाची रीत साधी आहे. तंगूस, त्याला शिशाची गोळी, गोळीच्या वीतभर पुढे गळ आणि गळाला गांडूळ, म्हणजे आपलं दानवं. रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा. गोळी तळाला बसते, आमिष तळाशी राहतं आणि शिंगटा किंवा वांबट वासावर येतो. डोहात किंवा बंधाऱ्याच्या फुगवट्यात ही रीत उत्तम. पण पाणी वाहतं असलं की गोळी गडगडत जाते आणि काळ्या कातळाच्या फटीत रुतते. जेवढं ओढाल तेवढी ती घट्ट बसते. शेवटी तंगूस तुटतं आणि गळ, शिसं, दानवं सगळं नदीत. शिसं वाया जातं एवढंच त्यात नाही. इंग्लंडमध्ये असं पडलेलं शिसं गिळून हंस मरायला लागले, म्हणून १९८७ साली तिथे गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. आम्ही चार रविवारांत टाकलेलं शिसं अजून कृष्णेच्या तळाशीच आहे.

तर प्रश्न असा: वाहत्या पाण्यात आमिष तळापासून थोडं वर आणि एका जागी कसं धरून ठेवायचं, तेही काही न अडकवता?

याचं एक उत्तर आम्हाला अमेरिकेतून मिळालं. आमचा एक सीनियर पोर्टलंडजवळ नोकरीला आहे. तिकडच्या नद्यांमध्ये स्टीलहेड नावाचा मासा असतो. हा म्हणजे आपल्या काश्मीर-हिमाचलमध्ये पाळतात तोच रेनबो ट्राऊट, फक्त नदीत जन्मून समुद्रात जाणारा आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढणारा. चढताना याचं खाण्याकडे फारसं लक्ष नसतं. आमिष शेजारून वाहून गेलं तर तो ढुंकूनही बघत नाही. पण तेच आमिष त्याच्या नाकासमोर येऊन थांबलं आणि हळूहळू त्याच्याच अंगावर सरकायला लागलं, की एक तर तो मागे हटतो, नाहीतर चिडून तोंड मारतो. म्हणून तिकडचे लोक नाव प्रवाहाच्या वेगापेक्षा सावकाश खाली जाऊ देतात आणि नावेच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेला, आमिष सोडतात. ते खाली नेऊन धरायला शिसं नाही, तर डायव्हर वापरतात.

डायव्हिंग प्लग म्हणजे लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा. त्याच्या हनुवटीला पुढे झुकलेली एक चपटी जीभ असते. एरवी हा प्लग स्वतःच आमिष असतो, पोटाला तीन-तीन काट्यांचे गळ लटकवलेले. महसीरच्या शिकारीसाठी आपल्या देशातही हे प्लग वापरतात. पण स्टीलहेडवाल्यांनी एक युक्ती केली. प्लगचे सगळे गळ काढून टाकायचे, शेपटीच्या कडीला तीन-चार फूट तंगूस बांधायचं आणि त्याच्या टोकाला एकच गळ आणि खरं आमिष लावायचं. प्लगचं काम आता फक्त ओझं खाली नेण्याचं, म्हणजे हमालाचं. पुढे खास याच कामासाठी बिनगळाचे डायव्हरच निघाले. 'जेट डायव्हर' नावाच्या एका प्रकारात नंबरच १०, २०, ३० असे असतात, म्हणजे साधारण तितके फूट खाली जाणारे. सीनियर सुट्टीवर आला तेव्हा त्याने असा एक आणून दाखवला. हातात घेतला तर हलका, पाण्यात टाकला तर तरंगणारा. आमच्या एका मित्राने विचारलं, "तरंगतंय ते बुडणार कसं?"

इथे फ्लुइड मेकॅनिक्स कामाला येतं. (एकदाचं आलं!)

पतंग आठवा. वारा तिरक्या कागदावर आपटतो आणि खाली वळतो, म्हणून पतंग वर ढकलला जातो. दोरा त्याला वाऱ्याबरोबर वाहून जाऊ देत नाही. डायव्हर म्हणजे हाच पतंग उलटा केलेला. त्याची जीभ अशी तिरकी असते की समोरून येणारं पाणी तिच्यावर आपटून वर वळतं आणि जीभ खाली दाबली जाते. दोरा तोडला तर पतंग उडत नाही, भरकटतो. तसं तंगूस ढिलं सोडलं की डायव्हर खाली राहत नाही, वर येतो. सगळी मेख या वाक्यात आहे. शिसं अडकलं की ओढावं लागतं आणि ओढल्याने ते जास्त अडकतं. डायव्हर दगडाला टेकला तर ओढायचं नाही, उलट दोन हात तंगूस सोडायचं. तो आपला आपण तरंगून वर येतो, प्रवाह त्याला थोडा मागे नेतो आणि तंगूस ताणलं की तो पुन्हा खाली जातो. पंपापासून व्हॉल्व्हपर्यंत 'फेल सेफ' हा शब्द आपण पाठ करतो, तो मला खऱ्या अर्थाने इथे कळला.

आता आणखी एक गंमत. आम्हाला वाटायचं, पाण्याचा वेग जास्त तर डायव्हर जास्त खोल. हे बऱ्यापैकी चूक आहे. वेग दुप्पट झाला की जिभेवरचा खाली दाबणारा जोर चौपट होतो हे खरं, पण मागे ओढणारा ड्रॅगही चौपटच होतो. दोघांचं गुणोत्तर तेच राहतं, म्हणून तंगूसाचा कोनही जवळपास तोच राहतो. वेगाने बदलत नाही ते एकच, प्लवन बल. त्यामुळे एका ठराविक वेगाच्या खाली प्लवन जिंकतं आणि डायव्हर नुसता पाण्यावर डुलत बसतो. तो वेग ओलांडला की मग खोली ठरते ती तंगूस किती सोडलं आणि ते किती जाड आहे यावर. जाड तंगूसावर पाण्याचा ड्रॅग जास्त, ते धनुष्यासारखं वाकतं आणि डायव्हरला वर उचलून धरतं. त्यात नदीचा वेग तळाशी घर्षणाने कमी आणि वरच्या थरात जास्त. म्हणजे डायव्हर संथ पाण्यात आणि त्याचं तंगूस वेगवान पाण्यात. कितीही सोडलं तरी एका खोलीनंतर तो पुढे जात नाही, त्याचं कारण हे.

हे सगळं आम्ही हायड्रॉलिक्स लॅबच्या काचेच्या फ्लूममध्ये बघितलं. सरांनी विचारलं, "हे कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये बसतं?" आम्ही एकसुरात "ड्रॅग!" म्हणालो. सर हसले आणि पंप चालू करून दिला. एवढं मन लावून आम्ही सबमिशनचंही प्रॅक्टिकल केलं नव्हतं.

परदेशी डायव्हर एकच, तो हरवला तर सीनियरला काय तोंड दाखवणार? म्हणून आम्ही स्वतःच करायला घेतला. अंगासाठी पांगाऱ्याचं लाकूड, कारण हलकं आणि चाकूने सहज कापलं जातं. जिभेसाठी आधी सीडीच्या डबीचं झाकण वापरलं, ते पहिल्याच दगडाला तडकलं. मग रेडियमवाल्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा आणला. पुढच्या कडीपासून शेपटीच्या कडीपर्यंत एकच अखंड स्टीलची तार आरपार घेतली. हे महत्त्वाचं. दोन वेगळे स्क्रू मारले तर सगळा ताण लाकडावर येतो आणि चांगला मासा लागला की मागचा स्क्रू माशाबरोबर जातो. फटी एम-सीलने बुजवल्या आणि वर ऑइलपेंटचे दोन हात दिले.

पहिला नमुना फ्लूममध्ये सोडला तर तो गरगर फिरायला लागला. कारण सोपं होतं, वजनाचा मध्य खाली नव्हता. पोटात शिशाचा एक कण बसवला (हो, शिसंच, पण हे हरवत नाही!) आणि गाडी सरळ झाली. जहाजाच्या मेटासेंटरची आकृती आम्ही दोन सेमिस्टर काढली होती, लाकडाच्या ढलपीने ती पाच मिनिटांत समजावली. दुसरा नमुना सरळ राहिला, पण सारखा डावीकडे पळायचा. याचा उपाय म्हणजे ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला पुढची कडी किंचित वाकवायची. किंचित म्हणजे किंचितच. कडीची जागा दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे झाली तरी त्याचा स्वभाव बदलतो. पतंगाची कण्णी बांधताना बोटभर इकडेतिकडे झालं की काय होतं, ते संक्रांतीला पोरं अनुभवतातच.

बांधणी अशी. मुख्य तंगूस पुढच्या कडीला. शेपटीला भोवरी, म्हणजे स्विव्हल, नाहीतर तंगूसाला पीळ पडून पुरणाच्या शेवया होतात. भोवरीपासून गळापर्यंतचं तंगूस मुख्य तंगूसापेक्षा मुद्दाम बारीक घ्यायचं. गळ दगडात अडकलाच तर तेवढंच तुटावं आणि डायव्हर हातात परत यावा. लांबी तीन-चार फूट. कमी ठेवली तर डायव्हरच्या थरथरीने दानवं फेकलं जातं, जास्त ठेवली तर गळ तळाला लागून घासतो. गळाच्या वर बुचाचा एक वाटाण्याएवढा तुकडा ओवला की आमिष तळापासून उचललेलं राहतं. काठीचं टोक बघत बसायचं. डायव्हर नीट चालत असेल तर टोक सारखं थरथरतं. थरथर थांबली म्हणजे मासा लागला किंवा जलपर्णीचा तुकडा लागला. कृष्णेत बहुतेक वेळा जलपर्णीच.

आता खरी अडचण. डायव्हरला वाहतं पाणी लागतं आणि आपल्या नदीत ते शोधावं लागतं. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमध्ये बरगे घालतात आणि मागे मैलोगणती पाणी उभं राहतं. तिथे डायव्हर म्हणजे नुसतं लाकूड, तिथे मामांचा गळच खरा. कोयनेचं बरंचसं पाणी वीज तयार करून पश्चिमेला कोकणात उतरतं. धरणाच्या पायथ्याचं वीजगृह चालू असलं की पूर्वेला २१०० क्युसेक पाणी सुटतं आणि ते कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. असं पाणी सुटलेलं असताना, वळणाच्या बाहेरच्या अंगाला जिथे धार काठाला लागून वाहते, तिथे लांब कळकाची काठी घेऊन बसायचं. काठावरून टाकताना लक्षात ठेवा, डायव्हर शेवटी काठीच्या टोकाच्या थेट खालच्या दिशेलाच येऊन थांबतो. टोक धारेवर पोचलं नाही तर तो काठाच्या संथ पाण्यात येऊन वर तरंगतो. आमचा पहिला अख्खा रविवार हे कळण्यात गेला.

बंधाऱ्याच्या अगदी खाली, जिथे पाणी खळखळतं, तिथे बसायचा मोह होतो. बसू नका. पाणी वाढवलं तर पळायला वेळ मिळत नाही. आणि सांगलीच्या वरच्या अंगाला भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, दिसत नाहीत तेव्हा जास्त सांभाळायचं. अडकलेला गळ काढायला पाण्यात उतरायचं नाही, हा आमचा पहिला नियम. शिवाय बऱ्याच ठिकाणी मासेमारीचा हक्क मच्छीमार संस्थांकडे असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. आम्हाला कोणी नाही म्हटलं नाही, उलट बघायला गर्दी झाली.

पाचव्या रविवारी मामा स्वतः आले. कराडच्या खाली एका वळणावर आम्ही डायव्हर सोडला, पंधरा मीटर तंगूस दिलं, थांबलो, मग दर मिनिटाला फूटभर देत गेलो. दोनदा दगडाला टेकला, दोनदा ढील दिल्यावर सुटला. मामा काही बोलले नाहीत, पण बिडी विझली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. अर्ध्या तासाने टोक थांबलं आणि खाली वाकलं. वीतभर लांबीचा शिंगटा. काटा हाताला न लागू देता मामांनी तो सोडवला, उलटसुलट बघितला आणि परत पाण्यात टाकला. आम्ही ओरडलोच.

"बारका हाय," मामा म्हणाले. मग जरा वेळाने, "मासं ऱ्हायलं पायजेत आधी."

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीपाशी नदीत मेलेल्या माशांचा खच लागला होता, ते मामांनी डोळ्यांनी पाहिलेलं. उन्हाळ्यात थांबलेलं पाणी, त्यात सोडलेली घाण, आणि पाण्यातला ऑक्सिजन संपला की मासा पळून पळून कुठे पळणार? वाहत्या पाण्यात हवा मिसळत राहते, घाण पातळ होत जाते. डायव्हरला जे पाणी लागतं तेच माशालाही लागतं, असं मामा बिडी पुन्हा पेटवत म्हणाले, अर्थात त्यांच्या भाषेत.

परत येताना एस.टी.त त्यांनी डायव्हर मागून घेतला, खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितला. "जीभ जरा रुंद कर," म्हणाले, "आन् मला येक दे." सध्या तो करायला घेतलाय. पांगारा आहे, ॲक्रिलिक संपलंय.