काजूच्या बॉयलरची काच काय सांगते?

ताईंनो, आपल्या जव्हार-मोखाड्यात वाडीतली काजूची बी उन्हाळ्यात गोळा होते आणि विहिरीही तेव्हाच तळाला जातात. साखरशेत असो की दुसरं गाव, लांबून डोक्यावर आणलेलं पाणी बॉयलरला घालायचं म्हटलं की हात आखडतोच. पण बॉयलरच्या पाण्यात काटकसर चालत नाही. काजू प्रक्रिया करणाऱ्या किंवा सुरू करणार असलेल्या गटातल्या प्रत्येकीने हे समजून घ्यावं.

पाणी कमी पडलं तर?
बॉयलरमध्ये पाणी आहे तोवर विस्तवाची उष्णता पाणी घेतं, पत्रा जपला जातो. पाणी खाली गेलं की उघडा पडलेला पत्रा तापून नरम होतो. त्यावर गार पाणी पडलं की एकदम वाफ होते. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं की कसं चर्र होतं, ते आठवा. उघड्यावर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा घेते. बंद बॉयलरमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून तो फुटू शकतो.

काचेची नळी कशी बघायची?
पाणी साधारण अर्ध्या नळीच्या वर, पण खुणेच्या आत हवं. पेटवण्याआधी आणि काम चालू असताना सारखं बघत राहा. रोज नळीचा खालचा कॉक क्षणभर उघडून बंद करा. तोंड बाजूला ठेवा, वाफ भाजते. पाणी खाली जाऊन झटकन जागेवर आलं तर नळी मोकळी आहे. हळूहळू आलं तर वाट गाळाने तुंबली आहे, काच दाखवते ते खरं मानू नका.

दोष आणि उपाय

*काचेत पाण्याची रेघच दिसत नाही:* नळी पूर्ण रिकामी असो की पूर्ण भरलेली, स्वच्छ काचेत दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून रिकामीच समजा. पाणी घालू नका. आधी लाकडं बाहेर ओढा, निखाऱ्यावर कोरडी राख किंवा माती टाका. वाफेचा वॉल्व्ह एकदम उघडू नका. सगळ्यांना लांब करा, बॉयलर आपोआप गार होऊ द्या. मेकॅनिकने तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

*पाणी काचेत वर-खाली उड्या मारतं:* पाणी गढूळ किंवा साबणाचं-तेलकट आहे, जास्त भरलंय, किंवा जाळ फार झालाय. अशा वेळी वाफेबरोबर पाणी जातं, बी ओली होते, नीट वाफत नाही. कटरवर अख्खा गर न निघता तुकडा पडतो आणि भाव उतरतो. जाळ कमी करा. विहिरीच्या तळाचं पाणी निवळून, फडक्यातून गाळूनच घाला.

*पाणी वारंवार कमी होतं:* खालचा कॉक गळतोय का, सांध्यातून वाफ जातेय का, पंप पाणी ओढतोय का, ते बघा.

*बंद बॉयलरमध्ये पाणी आपोआप वाढलं:* गार होताना आतली वाफ आकसते आणि टाकीतलं पाणी ओढून घेते. पाणी आत येण्याचा वॉल्व्ह नीट बसत नाही, तो बदलून घ्या.

घेताना कागद बघा
क्षमता २५ लिटर किंवा जास्त आणि दाब चौरस सेंटिमीटरला १ किलो किंवा जास्त असेल तर बॉयलर कायद्याखाली येतो. १९२३ च्या जुन्या कायद्यात हेच होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. त्याची नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय बघतं. स्वस्तात मिळतो म्हणून बिनकागदाचा जुना बॉयलर घेऊ नका.

गटाच्या बैठकीत एवढं ठरवा
दिवसभराचं पाणी टाकीत जमा झाल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. पाणी कमी असेल त्या दिवशी बी वाळवा, निवडा. सुकी बी चार दिवस थांबते. भट्टी चालू असताना एकीने फक्त काच बघायची, तिला दुसरं काम द्यायचं नाही. आणि ती “थांबा” म्हणाली की थांबायचं. ऑर्डर कितीही घाईची असो, अध्यक्षांनीही तिला “चालू दे” म्हणायचं नाही.